पत्रिकेचे पापुद्रे

जमदाडे काकूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि त्यांना आपली लग्नपत्रिका पुन्हा बघावीशी वाटली. तासगावात ती मिळाली तर शेट्यांकडेच मिळणार. गुरुपाद शेटे म्हणजे गावचे पत्रिकावाले. तीन वर्षांपूर्वी ते गेले, दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. पण फायली इंटरनेटवर जपून ठेवलेल्या होत्या. मिरजेहून आलेल्या पद्मजेनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, आईच्या स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला.

फाईल एकच निघाली. नाव ‘पत्रिका’.

“एकच कशी गं?”

“मग काय दर लग्नाला नवी मांडायची?” सुमनताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. “मागचीच उघडायची, नावं बदलायची, छापायची. यांनी जन्मभर हेच केलं. अर्ध्या तालुक्याची लग्नं एकाच पत्रिकेवर लागली.”

पूर्वी अशी फाईल आधी उतरवून घ्यावी लागे, मग अक्षरजुळणीचा तो अवाढव्य प्रोग्रॅम शोधत बसावं लागे. नव्या ब्राउझरनं ती कटकट संपवली होती. तो फाईल जागच्या जागी उघडायचा, आणि शेवटचा मजकूर तेवढा दाखवून गप्प बसायचा नाही. पुसलेल्या मजकुराचे तुकडे फाईलच्या पोटात पडून असतात. ते गोळा करून तो एकेक जुना पापुद्रा वर आणायचा. सापडलं ते काळ्या अक्षरांत. हरवलं ते अंदाजानं भरून, करड्या अक्षरांत.

पद्मजा एकेक वर्ष मागं सरकू लागली. आईला तर उधाणच आलं. “हा गोटखिंड्यांचा थोरला. तेव्हा काय झुलपं होती त्याला! आता डोक्यावर औषधाला केस नाही.” दोघी खूप दिवसांनी एकत्र हसल्या.

एकोणीस वर्षांमागच्या पापुद्र्यावर पद्मजेचा हात थबकला.

पद्मजा आणि सॅम्युअल.

तिनं मिरजेत नोंदणी लग्न केलं, तेव्हा अण्णा आले नव्हते. जगाच्या पत्रिका छापणाऱ्या बापानं आपल्या लेकीची तेवढी छापली नाही, हा सल घेऊन ती जगली. ते असेपर्यंत तिनं या घराचा उंबरा ओलांडला नाही. आणि इथं तिची पत्रिका होती, वेलबुट्टीसकट, खाली ‘आपले नम्र, सौ. सुमन व श्री. गुरुपाद शेटे’.

तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसताना दिसलं, की कितीतरी अक्षरं करडी आहेत.

सेटिंगमध्ये एक खूण होती: ‘अंदाज दाखवा’. ती काढली की खरं तेवढं उरणार होतं. काढूच नये, असं तिला फार वाटलं. अखेर तिनं काढली.

मुहूर्त गेला. स्थळ गेलं. वेलबुट्टी अर्धी राहिली. दोन्ही नावं मात्र काळी कुळकुळीत, जागच्या जागी. खाली ‘आपले नम्र’, आणि त्यापुढं कोरी जागा.

“म्हणजे नाव घातलंच नाही त्यांनी,” पद्मजा म्हणाली. “की होतं, आणि हरवलं?”

सुमनताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “‘आपले नम्र’पुढचं नाव हे शेवटी घालायचे. घरची माणसं येऊन प्रूफ वाचून गेली की मग. त्याआधी कुणाचंच नाही.”

“मग माझं?”

“तू वाचायला आलीच नाहीस.”

“मला कळवायचं तरी, आई!”

“कळवणारा माणूस असता तर काय हवं होतं?” आई म्हणाली. “मलासुद्धा बोलले नाहीत. ते दुकानात बसले असतील वाट बघत.”

पद्मजेनं लॅपटॉप जवळ ओढला आणि गिऱ्हाईक वाचतं तसं, ओळीवर बोट ठेवून, प्रूफ वाचलं. सॅम्युअलच्या आडनावापर्यंत सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती.

खाली चौकट उमटली: ‘रिकामी जागा अंदाजाने भरू?’ तिनं ‘नको’ दाबलं आणि लॅपटॉप आईपुढं सरकवला.

“वाचलं मी. बरोबर आहे. आता तू घाल नाव.”

सुमनताईंनी पदराला हात पुसले. बोट कळीपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

“पमे,” त्या म्हणाल्या, “मी घातलं, तर तोही अंदाजच नव्हे का गं?”