रिकाम्या पेटीपुढचा दिवा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. मग कायतान म्हणाला, "लिही रे, नायतर उद्या तूच म्हणशील स्वप्न पडलं."

मी निलेश. मोरजीत वायरिंग करतो, मोबाइलवर बघून शिकलेलो. कायतान शेजारी. त्याची मावशी पियेदाद गेली आणि कपेलाची, म्हणजे आमच्या छोट्या चर्चची, एकुलती एक चावी त्याच्याकडे आली. मावशीनं चाळीस वर्षं तिथल्या लाल काचेच्या दिव्यात खोबरेल घातलं. मला म्हणायची, "निळू, तुझो बल्ब नाका हां. देवाक तेल जाय." म्हणजे देवाला तेलच हवं.

नियम असा, की वेदीवरच्या पेटीत ओस्त, म्हणजे ते देव मानतात ती पवित्र भाकरी, असेल तरच दिवा पेटतो. गुड फ्रायडेला पेटी रिकामी, म्हणून दिवा बंद. मावशी त्या दिवशीही गुपचूप लावायची. "देव भायर गेला म्हणून घरात काळोख करतात?" जुने फादर कानाडोळा करायचे. नवे कडक. कायतानला बजावलं, यंदा दिवा दिसला तर चावी परत.

मावशीचं म्हणून त्याच्याकडे तेवढंच उरलंय.

गुड फ्रायडेला दुपारी मी माईक लावायला गेलो. दिवा विझलेला. आमच्यात देवाकडला दिवा विझला की हात आपोआप माचिसवर जातो. लावला.

कायतान धावत आला. "मेलो! कितें केलंस रे शाण्या?"

त्यानं दिवा फुंकला, तेल ओतून टाकलं, काच पुसली. वात पिळून खिशात घातली. कुलूप लावून आम्ही चहाला गेलो.

"तुझ्यापेक्षा मावशी बरी," तो म्हणाला. "ती निदान चोरून लावायची."

हसलो दोघं.

अडीचला कुलूप उघडलं. खोबरेलाचा वास आला.

दिवा पेटलेला. काठोकाठ तेल. दारातून समुद्राचा वारा येत होता, ज्योत हलत नव्हती.

कायताननं खिसा चाचपला. वात खिशातच होती.

मागून फादर आले. दिवा बघितला, मग कायतानच्या हातातली चावी.

"कोणी लावला?"

"मी, फादर," मी पुढे होऊन म्हणालो. "आमच्यात विझू देत नाहीत. नियम ठाऊक नव्हता."

फादरनी फुंकर मारली. विझला. "चावी ठेव," ते कायतानला म्हणाले. "आणि मित्राला नियम शिकव."

संध्याकाळी पायरीवर बसलो. कायताननं वात बाहेर काढली. टोक गरम होतं. त्याच्या पँटवर तेलाचा डाग, आणि तो पसरत होता.

"फुडच्या वर्षी रे?" त्यानं विचारलं.

"फुडच्या वर्षी पण मीच लावला म्हणून सांगीन. शब्द."