चौदा नंबरची चिठ्ठी

गाडी सुटली तेव्हा तो सायकल स्टँडच्या फाटकात होता. चेन उतरलेली सायकल ढकलत, दोन्ही हात काळे, कपाळावरही एक काळं बोट.

“सात-बेचाळीस गेली,” ती म्हणाली.

“दिसलं मला.”

“आता आठ-दहा. अठ्ठावीस मिनिटं आहेत. आणा इकडे.”

स्टेशनाला लागून असलेला हा स्टँड तिच्या वडिलांचा. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यापासून पाना तिच्या हातात आला आणि बाबा स्टुलावर बसून कोणी न विचारलेले सल्ले देऊ लागले. काम ते एकच करायचे: गर्दी वाढली की आधीच्या सायकली एकेक घर पुढे सरकवून नवीला जागा करायची.

त्या उपनगरात सकाळी कोणाला बोलायला सवड नसे. म्हणून स्टँडवर एक रीत पडली होती. सायकलला काही झालं असेल तर तक्रार चिठ्ठीवर लिहायची, हँडलला बांधायची आणि गाडी पकडायची. ती दिवसभरात दुरुस्ती करायची आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहून ठेवायची. नावं तिला कोणाचीच ठाऊक नव्हती. माणसं तिच्या लेखी गाड्यांच्या वेळा होती. मात्र कोणाच्या कॅरिअरवर अचानक मऊ गादी आली आणि कोणाची मागची सीट गुपचूप उतरली, याची नोंद तिच्या डोक्यात पक्की असे.

चेन बसवून तिने त्याच्या हातात साबण ठेवला. “धुवा. कपाळसुद्धा.”

तो कपाळ पुसत इकडेतिकडे बघू लागला. शेवटची घाईची पावलं जिन्यावर विरली होती. रस्ता एकदम रिकामा. एक मांजर मधोमध येऊन आळस देत होतं. कुठल्याशा गॅलरीत कोणीतरी ओली चादर झटकली, त्याचा आवाज इथवर आला.

“तीन वर्षं राहतोय इथे,” तो म्हणाला, “पण हे असं शांत... मला माहीतच नव्हतं. मी हे गाव फक्त पळताना पाहिलंय. तुम्ही रोज बघता हे?”

“मी रोज चेनी बघते.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटत होता. तीही नोंद झाली.

त्यानंतर सात-बेचाळीसच्या सायकलला दुखण्यांची साथच आली. आज ब्रेक, परवा घंटा, सोमवारी मडगार्ड. आणि हा गृहस्थ चिठ्ठी लिहीत नसे. समोर उभं राहून, दुखण्याचा इतिहास पहिल्यापासून सांगे. सांगता सांगता गाडी जाई. दोन महिन्यांत अकरा वेळा गेली. अकराव्यांदा तिने एक नट त्याच्यापुढे धरला.

“हा आपोआप सैल झालेला नाही. पान्याचा ओरखडा आहे.”

“असं?”

“आणि पाना चुकीच्या मापाचा होता.”

त्याचे कान लाल झाले. “मग... बरोबर मापाचा मिळेल का इथे?”

“चांगल्या सायकली बिघडवायला नाही मिळत तो,” ती म्हणाली आणि चाकाआड तोंड लपवून हसली. स्टुलावरून बाबा खोकले. त्यांना खोकला नव्हता.

पण एवढंच. याच्यापुढे तो जाईना. सायकलीचं सगळं दुखणं सांगून झालं, स्वतःचं म्हणून एक अक्षर नाही. आणि आपण आधी बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलेलं. जो माणूस नट सैल करतो, त्याला तोंड उघडता येऊ नये?

गुरुवारी मात्र तो फाटकातून आला, सायकल चौदा नंबरला लावली आणि तिच्याकडे न बघता थेट फलाटावर गेला. ती आत पंपाशी होती. गेला तर गेला, तिने मनाला सांगितलं. मन ऐकत नव्हतं.

दुपारी ती चिठ्ठ्या गोळा करायला निघाली. आठ-दहावाल्या काकांच्या हँडलला एक होती.

‘एक तारखेपासून ऑफिसच्या जवळ खोली मिळते आहे. गाडीची दगदग संपेल. जाऊ का? तुम्ही म्हणाल तसं करीन. संध्याकाळी उत्तर लिहा.’

काकांना निवृत्तीला दोन वर्षं होती, ते गाडीच्या अर्धा तास आधीच येऊन बसत आणि तिला चष्म्याच्या फ्रेमपासून जावयाच्या स्वभावापर्यंत सगळं विचारत. चिठ्ठी ज्याच्या हँडलला, माणूस तोच, हा तिचा हिशोब कधी चुकला नव्हता. तिने पाठीवर झोकात लिहिलं, ‘खुशाल जा. या वयात दगदग कशाला? इथे तुमच्यावाचून कोणाचं अडतंय!’

संध्याकाळी ती मागच्या नळावर बादली भरून परतली तेव्हा बाबा म्हणाले, “सात-बेचाळीस येऊन गेला. आज लवकर.”

“काही म्हणाला?”

“नाही. शेजारच्या सायकलची चिठ्ठी वाचत बसला. दोनदा वाचली. मग तोंड एवढंसं करून गेला. दुसऱ्याची पत्रं कशाला वाचावीत माणसाने?”

तेवढ्यात आठ-दहावाले काका आले, चिठ्ठी सोडवली आणि चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघू लागले. “पोरी, मला कुठे धाडतेस? स्वतःचं घर सोडून मी खोलीत जाऊ?”

“तुम्हीच विचारलंत ना?”

“मी? अगं, हे माझं अक्षर तरी आहे का?”

तिने चिठ्ठी हिसकावून घेतली. “बाबा, काकांची सायकल सकाळी कितव्या नंबरला होती?”

“तेराला. मग मी एक घर सरकवली. चौदाला आली.”

“आणि सात-बेचाळीसची चौदावरून पंधराला!”

“म्हणजे काय, जागा नको करायला? हां... तो मध्येच फलाटावरून पळत आला होता खरा. काहीतरी बांधलं आणि परत पळाला. गाडी हलली होती.”

या वयात! इथे तुमच्यावाचून कोणाचं अडतंय! तिला तिथल्या तिथे जमीन खणून आत जावंसं वाटलं. पण खणायला वेळ नव्हता.

“काका, सायकल द्या.”

“आणि मी घरी कसा जाऊ?”

“बाबांशी गप्पा मारा.”

ती निघाली खरी, पण पहिल्याच वळणावर थांबली. कोणाचं घर कुठे, तिला काय माहीत! सगळी घरं सारखी. तेच राखाडी फाटक, तीच दोन पायऱ्या, त्याच कुंड्या. मग तिने घरांकडे बघायचं सोडलं आणि सायकलींकडे बघू लागली. ही लाल सात-पाचची. ही गादीवाली शाळेतल्या बाईंची. दारादारांत नुकती पोचलेली माणसं चपला काढत होती, खिडक्यांत दिवे लागत होते, कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

“अगं, तू इकडे?” शाळेतल्या बाईंनी हाक मारली. “कोणाची सायकल पळाली का?”

“सात-बेचाळीसची!”

“तो होय! पुढची गल्ली, शेवटचं घर. बहिणीकडे राहतो. जोरात मार पायडल, मघाशी फार पडल्या चेहऱ्याने गेला.”

शेवटच्या घरापाशी एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती.

“कोण हवंय?”

“सात... म्हणजे, तुमचे भाऊ.”

ताईंनी तिच्या ऑइलने माखलेल्या हातांकडे बघितलं आणि नळ बंद केला. “म्हणजे जिच्यापायी हा ऑफिसात बोलणी खातो, ती तू! अरे ए, बाहेर ये. सामान भरणं राहू दे.”

तो आला. हातात अर्धी घडी घातलेला शर्ट.

“ते उत्तर तुम्हाला नव्हतं,” ती धापा टाकत म्हणाली. “काकांना होतं. बाबांनी सायकली सरकवल्या आणि तुम्ही न बघता बांधलीत. एवढी मोठी गोष्ट कोणी हँडलला बांधतं का?”

“समोर उभा राहिलो की मला फक्त मडगार्ड सुचायचं...”

“आणि मी तुम्हाला म्हातारं केलं.”

“एकतीसचा आहे मी,” तो म्हणाला. “मग... मला काय उत्तर?”

ताईंनी नळ पुन्हा सोडला नव्हता. समोरच्या गॅलरीत दोघं चहाचे कप धरून उभे होते, आणि कप तोंडापर्यंत जात नव्हते.

आपण आधी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं? तिनेच. मग मोडायचा अधिकारही तिचाच.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. ‘तुम्ही’ वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. “तू गेलास तर माझं अडेल.”

त्याचा एक डोळा जास्त मिटला.

“उद्या कळवतो खोलीवाल्या मित्राला,” तो म्हणाला.

“उद्या कशाला?”

त्याने शर्ट ताईंच्या खांद्यावर टाकला आणि तिथेच उभं राहून फोन लावला. “ऐक, ती खोली दुसऱ्या कोणाला दे... नाही रे, भाड्याचं काही नाही... कारण? कारण माझ्यासमोर उभं आहे. आणि त्याच्या गालाला ऑइल लागलंय.”

काकांची सायकल परत पोचवायची होती. त्यानेही आपली काढली. दोघांकडे दोन धडधाकट सायकली होत्या, उतार होता, रस्ता मोकळा होता... आणि दोघं स्टेशनापर्यंत त्या हातात धरून, अगदी हळू, पायीच गेली.