पाळण्याएवढी रेघ, माणसाएवढी कमान

आमच्या युवराजचं बारसं झालं ते २०२२ साल. युवराज माझा पणतू. त्याचा पाळणा त्याच्या आत्यानं, म्हणजे माझ्या नातीनं, त्रिवेणीनं स्वतः करायला घेतला होता. सिकंदराबादजवळ अंबरपेठेत आमचं सुतारकामाचं दुकान आहे. तिच्या आजोबांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, हात थरथर कापायला लागल्यापासून ते तीच चालवते. पण गिऱ्हाईक यायचं ते ह्यांच्या नावावर, "दत्तोबांचं काम" म्हणूनच. ते तिला आत कुठंतरी लागायचं.

आश्विनातल्या एका संध्याकाळी पाऊस आला. मी दुकानात शेंगा सोलत बसले होते. एक उंच मुलगा आडोशाला आत शिरला आणि ओल्या बुटांनिशी मधोमध उभा राहिला.

"ठैरा," त्रिवेणी म्हणाली. "हलू नका."

"का? साप आहे?"

"तुम्ही माझ्या पाळण्यावर उभे आहात."

त्यानं खाली पाहिलं. पाळण्याच्या तळाची कमान तिनं फरशीवर खडूनं खऱ्या मापाची आखली होती. अर्धी पुसली गेली होती. तो ओशाळला. खडू घेऊन गुडघ्यांवर बसला आणि रेघ पुरी करू लागला... इतकी वाकडी, की त्रिवेणीला हसू आलं.

"नक्को, राहू द्या."

तिनं एका दमात रेघ ओढली. तो बघत राहिला — रेघेकडे की तिच्याकडे, हे मला विचारू नका.

"याहून मोठा पाळणा होईल का?" त्यानं विचारलं.

"बाळ केवढं आहे?"

"नव्वद किलोचं. माझे वडील."

त्याचं नाव श्रीकांत. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात कामाला. वडिलांची, मुकुंदरावांची, पाठ धरलेली. पलंगावर झोप लागत नव्हती, लागली तर कापडी झोळीत. पण भाड्याचं घर, घरमालक भिंतीत कडी ठोकू देईना. झोळी टांगायला जमिनीवर उभा राहील असा लाकडी स्टँड हवा होता.

त्रिवेणीनं होकार दिला. होडीच्या तळासारखी एक लांब कमान, दोन्ही टोकं वर, खाली आडवे पाय. अखंड लाकूड गोल कापलं तर त्याच्या आतली उभी रेषा तुटते आणि वजनाला ते मोडतं. म्हणून तिनं सागाच्या पातळ पट्ट्या काढल्या, एकीवर एक गोंदानं चिकटवल्या, साच्याभोवती वाकवून लोखंडी शिकंज्यांत आवळल्या. श्रीकांत ऑफिस सुटलं की येऊन पट्ट्या धरायचा.

"बाबा म्हणतात, मुलीनं वाकवलेल्या लाकडावर मी झोपणार नाही, पडेन."

"त्यांना सांगा, आधी मी पडून दाखवीन."

एके दिवशी तो उदास आला. "आज सोडवू या का शिकंजे? बाबांनी रात्र खुर्चीत काढली."

"हवा ओली आहे. गोंद वाळलेला नाही."

"वरून तर वाळलाय."

"वरून," ती म्हणाली. "माझ्या हातचं पहिलं मोठं काम आहे. कच्चं जाणार नाही."

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?"

"हौ. चालत नसेल तर दुसरं दुकान बघा."

"दुसऱ्या दुकानात... काय करू मी जाऊन?"

त्रिवेणीनं मान खाली घातली आणि आधीच घट्ट असलेला शिकंजा पुन्हा आवळला.

दिवाळीच्या तोंडावर स्टँड उभा राहिला. आमच्या घरची रीत अशी की पाळणा असो वा झोपाळा, करणाऱ्यानं त्यावर आधी स्वतः बसायचं, आणि वजन टाकायचं ते वापरणाऱ्याहून जास्त. नव्वद किलोंपुढं त्रिवेणी एकटी कुठली पुरणार? तिच्या आजोबांचे पाय लटपटतात. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. त्या दिवशी गुडघे ठीक होते.

राहिला श्रीकांत.

झोळीत दोघं बसले. कितीही अंग चोरलं तरी झोळी माणसांना मधेच आणते. कमान एकदा कर्रर्र वाजली... आणि थांबली. त्रिवेणीचे डोळे पट्ट्यांच्या सांध्यावर.

"धरेल?" त्यानं हळूच विचारलं.

"धरेल."

"मग माझी बाही का धरली आहे?"

तिनं बोटं काढायला घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "काम संपलं तरी मी इथं येत राहीन म्हणतो... जन्मभर. येऊ?"

तिनं बोटं काढली नाहीत. मग म्हणाली, "येताना बूट बाहेर काढत जा."

मुकुंदराव त्या झोळीत पहिल्या रात्री झोपले ते उन्हं अंगावर येईपर्यंत. आठवड्याभरानं काठी टेकत स्वतः दुकानात आले.

"काम कुणाचं?"

तिचे आजोबा उठून उभे राहिले. कापऱ्या हातानं त्यांनी नातीकडे बोट केलं. "त्रिवेणीचं. माझा त्यात एक खिळासुद्धा नाही."

त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी किती तरी वर्षांनी पाहिलं.

"मग हिला सून म्हणून मागायला आलोय."

"मी दुकान सोडणार नाही," त्रिवेणी म्हणाली.

"सोडू नकोस, पोरी. माझा स्टँड दुरुस्त कोण करणार?"

"त्याला दुरुस्ती लागणार नाही."

माघात लग्न झालं. दुकानाच्या पाटीवर आता तिचं नाव आहे. मी वाचायला उशिरा शिकले, म्हणून रोज सकाळी ते एकदा वाचून घेते. युवराज त्याच्या पाळण्यात वाढला. स्टँड सिकंदराबादच्या घरात आहे. एकही पट्टी सुटलेली नाही.

मुकुंदराव २०२५ च्या चैत्रात वारले. त्याच झोळीत, दुपारच्या झोपेत.