नाकारल्याची चिठ्ठी

दिवा राहू दे. तुमची तोंडं दिसली पाहिजेत मला.

हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या नोंदणी कारकुनाचं झालंय, विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात. माणूस इतका भित्रा, की संचालक साहेब नुसते शिंकले तरी उभा राहायचा.

तेव्हा आधुनिक चित्रांचा संग्रह उभा राहत होता. म्हणजे समिती चहा प्यायची आणि ठरवायची. त्या दिवशी तिने एका देणगीदाराच्या जावयाचा कोरा पांढरा कॅनव्हास घेतला. आणि विद्यापीठातच तीस वर्षं चित्रकला शिकवून वारलेल्या बाईंचं निळं चित्र नाकारलं. फुकट मिळत होतं तरी. बाईंची बहीण कारकुनाला म्हणाली होती, "माझ्या खोलीत खाट टाकली की दार उघडत नाही, दादा. परत आलं तर भंगारातच जाईल."

नाकारलेलं परत न्यायला सकाळी सहाला टेम्पो येणार होता. म्हणून रात्री अकरा चाळीसला कारकून तळघरातल्या कोठारात उतरला. काम एवढंच, चित्राच्या पाठीवर 'नाकारले'ची चिठ्ठी चिकटवायची.

चिकटवली. दाराशी पोचला, तर मागे कागद पडल्याचा आवाज.

परत चिकटवली. शंभर आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. वळला... पडली.

"डिंकात पाणी फार घालतात मेले," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःलाच.

तिसऱ्यांदा चिकटवून मागे पाहिलं, तर चिठ्ठी जमिनीवर नव्हती. शेजारच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या पाठीवर होती. घट्ट.

टर्पेंटाइनचा वास आला. ताजा.

"बाई...?"

तो निळ्या चित्राकडे वळला.

"मला नोकरी आहे, बाई. पोरं शिकतायत."

शांतता. उत्तर न आलेल्या मुलापुढे बाई नुसत्या थांबतात ना, तशी.

मग त्या भित्र्या माणसाने आवक वही ओढली आणि निळ्या चित्राला दाखल क्रमांक दिला, म्हणजे ते संग्रहालयाचं झालं. शाईने. तो खोडायचा तर विद्यापरिषदेचा ठराव लागतो, आणि परिषदेची गणसंख्या कधीच भरत नाही. 'आणणाऱ्याची सही' हा रकाना मात्र त्याने कोरा सोडला. काय लिहिणार?

सकाळी साहेब कडाडले, "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. खोडून दाखवा."

बसूनच म्हणाला.

साहेबांनी वही उघडली. कोऱ्या रकान्यात निळा अंगठा उमटलेला. त्यांनी रुमालाने पुसला. रुमाल निळा झाला. अंगठा तिथेच.

पुढे ती वही माझ्याकडे आली. बारा वर्षं सांभाळली, पण त्या पानाला हात लावला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी बोट टेकवलं...

रंग ओला होता.