आत्ताच हवं

इमारतीच्या तळघरात विजेवरची गाडी लावली, वायर जोडली, तरी चार्जरचा दिवा आपला केशरीच. वर राहणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने चार्जरला हलकीशी चापट मारली. मग जरा जोरात.

"मारू नका हो... झोपलंय ते."

ती दचकली. खांबामागे एक तरुण उकिडवा बसला होता. मांडीवर लॅपटॉप, केसांत कोळ्याचं जाळं आणि चेहऱ्यावर असा भाव, की तळघरात जाळी डोक्यावर घेऊन जगात सगळेच बसतात.

"झोपलंय म्हणजे?"

"संध्याकाळ आहे ना. घरोघरी पंखे, कूलर, ओव्हन चालू. त्यात सगळ्या गाड्या एकदम भरायला बसल्या, तर गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरने करायचं काय? गर्दी ओसरली की तुमची गाडी आपोआप भरेल. सकाळी टम्म. सावकाश घ्या."

"सावकाश मला जमत नाही," असं म्हणून तिने 'आत्ताच हवं' लिहिलेलं बटण दाबलं. दिवा हिरवा.

"ते अडीअडचणीसाठी आहे..."

"मग बरोबर. मी अडीअडचणीचीच आहे."

जिना चढताना मागून हसू ऐकू आलं. चांगलं होतं हसू. पण दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून आलेली मुलगी असलं काही मनातसुद्धा कबूल करत नाही.

तो वीज कंपनीचा इंजिनियर होता. चार्जरना पाळीपाळीने वीज घ्यायला शिकवण्यासाठी इमारतीत आलेला. नंतर तो रोजच दिसू लागला. ती बटण दाबायची, तो उसासा टाकायचा.

"आज तरी राहू द्या."

"आज तर मुळीच नाही."

"कुठे पळून वगैरे जायचंय का?"

"जायचं असलं तर तुम्हाला सांगून जाईन?"

घरी ती हे सगळं नकलांसकट बाबांना सांगायची. बाबांनी त्याला न बघताच नाव ठेवलं, सावकाशराव. बाबा गाण्याचे मास्तर. एकेकाळी त्यांचा सूर मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा, आता नाकाला नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. "कुणाला सांगायचं नाही," त्यांनी तिला बजावलं होतं. "लोक माझा आवाज ऐकायला यायचे. आता नळी बघायला नकोत." तिची गाडी सदा भरलेली लागायची ती यासाठी. कधी हॉस्पिटल गाठावं लागलं तर... पण तोंडाला कुलूप.

बाकीच्यांची कारणं साधी होती. समोरच्या काकू दाबतात म्हणून शेजारचे वकीलकाका बटण दाबायचे, आणि वकीलकाका दाबतात म्हणून काकू.

मग ती संध्याकाळ आली. नुसती भट्टी. वाऱ्याचं नाव नाही, इमारतभर कूलर घरघरत होते. एकाएकी दिवे मंदावले. मशीनचा सूर बसला, आणि त्याने टीं टीं सुरू केलं. फिजिओ धावत तळघरात गेली.

तो फोन कानाला लावून उभा होता. सगळ्या चार्जरचे दिवे हिरवे.

"गल्ली अंधारात जाणार," तो म्हणाला. "गाड्या थांबल्या तर वाचेल. पण बटण दाबलेली गाडी मालकच थांबवू शकतो. माझ्या हातात नाही."

"माझे बाबा..." तिने वर बोट दाखवलं. "ते ऑक्सिजनवर आहेत. मशीन विजेवर चालतं."

हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. त्याने एकही फालतू प्रश्न विचारला नाही.

"जादा सिलिंडर?"

"भरायला दिलाय."

"मग पळा. प्रत्येक दार वाजवा. मी बोललो तर म्हणतील, कंपनीचा माणूस. तुम्ही बोला."

तिने आधी स्वतःच्या गाडीची वायर काढली. मग जिना.

"माझी गाडी सकाळी भरलेली लागते, आधीच सांगतो," वकीलकाकांनी दारातच सुरुवात केली.

"काका, बाबांना श्वास पुरत नाही. मशीन बंद पडेल..."

काका एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट घालून खाली सुटले. काकू ओले हात घेऊनच निघाल्या. "अगं वेडे, आधी नाही का सांगायचं? मी उगाच त्या वकिलाशी बरोबरी करत बसले."

एकेक दार उघडत गेलं. तळघरात एकेक दिवा केशरी झाला. आणि वर... वर मशीनचा सूर पुन्हा लागला. दिवे स्थिरावले. फिजिओ दाराच्या चौकटीला टेकली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

जिन्यात सगळे उभे होते, घामेजलेले, काळजीने वर बघणारे. तिला प्रत्येकाचे पाय धरावेसे वाटले.

"बाहेर का उभे?" आतून बाबांचा आवाज आला, दमलेला, पण मास्तरांचाच. "सगळ्यांना आत घे. आणि सावकाशरावांनाही."

"सावकाशराव?" इंजिनियरने तिच्याकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल.

सगळे आत आले. नळीकडे कुणी बघितलं नाही. काकूंनी बाबांना थेट विचारलं, मला या वयात गाणं शिकवाल का? वकीलकाका म्हणाले, आधी माझी परवानगी घ्या, भिंतीपलीकडे मीच राहतो. बाबा पोट धरून हसले. किती दिवसांनी...

लोक पांगल्यावर ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? थांबल्या त्या गाड्या तुमच्या सगळ्यांच्या."

"पण तुम्ही रोज इथे होतात म्हणून..."

तो कठड्याकडे बघत राहिला. "खरं सांगू? इथलं माझं काम केव्हाच संपलंय. खाली दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रोज ऑफिसात एकेक कारण सांगून येतोय."

ती एक पायरी खाली उतरली.

"मग उद्या?" तिने हळूच विचारलं.

"उद्यासाठीचं कारण अजून सुचलं नाही."

"नका शोधू," ती म्हणाली. "ऑफिसात खरं तेच सांगा... मला भेटायला जाताय म्हणून."