पालथी वाटी

ऐका, पण मधेच कुणी उठायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका गाईडची गोष्ट आहे, थापा नाहीत.

तो लोकांना दिवसभर किनाऱ्यावरची जुनी गावं दाखवायचा. तटबंदी, दीपगृह, पडकं बंदर आणि शेवटी वाळूच्या पट्ट्यापलीकडच्या गावात, मावशीच्या खाणावळीत ताजे मासे. पट्ट्यावरून गाडी फक्त ओहोटीला जायची. भरती लागली की रस्ता गडप. मावशीकडे रीत अशी, की जेवण झालं की वाटी ताटात पालथी घालायची. हा गडी गाडीतली डोकी कधी मोजायचाच नाही. सगळ्या वाट्या पालथ्या दिसल्या की निघाला.

एकदा एक म्हातारा एकटाच आला होता. काटे काढत निवांत जेवत बसलेला, आणि तिकडे पाणी चढतंय. गाईडनं त्याची वाटी स्वतःच पालथी घातली. "आजोबा, झालं तुमचं!" सगळे खो खो हसले. म्हातारा हात धुवायला मागे गेला तेवढ्यात गाडी सुटली. तो वाळूतून मागे धावला. यानं आरशातून नजर काढून घेतली. म्हातारा पुन्हा कुणाला दिसला नाही. एकटा जीव, विचारणार कोण? आरशात बघायची सवय मात्र यानं तेव्हापासून सोडली.

मग मागच्या मे महिन्यातला शेवटचा शनिवार. बायको माहेरी, म्हणून पोरीला सोबत घेतलेलं. त्याचा जीव की प्राण, पण जेवायला महा चेंगट. अंधारून आलं. तो गाडी वळवून आला, तर तिचीही वाटी पालथी! वर पाण्याचे थेंब. मागच्या सीटवर त्याचं जॅकेट पांघरून कुणीतरी झोपलेलं. दमली बिचारी, म्हणत तो निघाला.

पाहुण्यांना सोडून त्यानं गाडी घरच्या दारात लावली, तोच मावशीचा फोन.

"किती वेळ फोन लावतेय, लागतच नव्हता! अरे, पोरीला टाकून कसा गेलास? हात धुऊन आली आणि गाडीमागे धावली... बाबा, बाबा करत..."

"काहीतरीच काय, मावशी! ती इथं झोपलीय."

"मग वाळूवर कोण धावलं रे?"

तो वळला. जॅकेट हललं...

"बाळा..."

त्यानं मागे हात घातला.

खाऱ्या पाण्याचा वास. जॅकेट ओलंचिंब. त्यानं ओढलं.

खाली कुणीच नव्हतं.

एक वाटी. पालथी.

पोर सापडली नाही. ती वाटी त्या सीटवर तशीच आहे, उचलून बघायची त्याची छाती होत नाही. मी पाहिलीय. भरती लागली, की तिच्याखालून पाणी पाझरतं.