चिमणीकडच्या फांद्या

"अक्का, ह्ये झाड आजारी हाय. दुसरं द्या की."

कोळारच्या आमच्या नर्सरीत शिरताच माझ्या झाडाला नावं ठेवणारं हे पहिलंच गिऱ्हाईक! वर मला अक्का म्हणे... वयानं माझ्याएवढाच, आणि हसला की गालावर खळी.

"अक्का कुणाला म्हणायलास? पल्लवी नाव हाय माझं!"

पण तो खोटं बोलत नव्हता. ख्रिसमसच्या झाडाच्या सुया टोकाकडून तांबूस करपल्या होत्या. तीन वर्षं वाढवलेली चाळीस झाडं, आणि सगळ्यांचं हेच. अप्पांनी, माझ्या वडलांनी, तर बजावलं होतं – महिनाभरात झाडं सुधारली नाहीत, तर उपटून जागा गोदामाला द्यायची.

तो लिंगराज. समोरच्या कारखान्यात बॉयलरवर होता. मग रोज संध्याकाळी येऊ लागला, रोज एक तुळस घेऊन जाऊ लागला.

"घरात किती तुळशी लावायलास?"

"तू हसून द्यायची थांबीस्तोवर."

मी खत बदललं, पाणी बदललं, सुया ओल्या फडक्यानं पुसल्या. मग लक्षात आलं, करपतात त्या कारखान्याच्या चिमणीकडच्याच फांद्या. एक झाड कुंडीत होतं, ती कुंडी फिरवून ठेवली. दोन आठवड्यांत तिची हिरवी बाजूही करपली.

"धूरच मारायलाय ह्यांना," मी म्हणाले.

लिंगराजचा चेहरा उतरला. "पल्लवी... धूर धुवायचं यंत्र असतंय. मॅनेजरसाहेब खर्च वाचवायला पहाटे बंद ठिवायला लावतेत. बंद... मीच करतो."

"अन् वर माझ्याकडच्या तुळशी नेतोस? चालता हो!"

रडले. मग डोळे पुसून प्रदूषण मंडळाला तक्रार लिहिली. अधिकारी आले तेव्हा मॅनेजर हसला. "यंत्र कधीच बंद नसतं. पोरीला पाणी घालायचं कळत नाही."

मी करपलेली फांदी पुढं धरली.

"यंत्र मीच बंद करतो, साहेब," मागून लिंगराज म्हणाला. "रोज चार ते सहा. लिहून देतो."

त्यानं सही केली. यंत्र चालू ठेवायचा हुकूम निघाला, आणि त्याची नोकरी गेली.

संध्याकाळी तो फाटकाबाहेर उभा होता.

"कामून केलास असं?"

"तुझ्यासमोर खोटं बोलवंना... आवडतीस तू मला."

आवडत तर तोही होता. राग मात्र तसाच होता.

"करपलेली सुई परत हिरवी हुत न्हाई, लिंगराज."

"नवी येती का?"

"येती. येळ लागतो."

"थांबतो की."

"मग भायेर कामून उभारलास?" मी फडकं त्याच्या हातात दिलं. "चाळीस झाडं पुसायचीत. अन् अप्पांना मी सांगितलंय, एकबी उपटू देणार न्हाई."